सणातलं गोड: किती याआधी कधी आणि कुठे

दोन मुलांच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. सण जवळ आला की घरात गोडाचे डबे यायला लागतात आणि पुढचे तीन-चार आठवडे येतच राहतात. ती ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवते. मुलं मागतील तेव्हा सासूबाई काढून देतात. सासऱ्यांना मधुमेह आहे, तेही येता-जाता एखादा तुकडा उचलतात. गेल्या वर्षी मुलीच्या उशीखाली चॉकलेटचे कागद सापडले आणि त्यावरून घरात मोठं भांडण झालं. तिनं विचारलंय, ‘दिवसाला किती तुकडे चालतील? आणि सासूबाईंना थांबवायचं कसं?’ शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘मी स्वतः काही खात नाही, फक्त सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्यानं दोन-तीन तुकडे खाते.’

ताई, मी २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि दर सणाच्या आधी हाच प्रश्न माझ्याकडे येतो. पहिली काही वर्षं मी उत्तरादाखल तक्ता द्यायचे. या वयाला एवढे तुकडे, त्या वयाला तेवढे. ते तक्ते फ्रिजच्या दारावर लागायचे आणि चार दिवसांत घरात हिशेबाची भांडणं सुरू व्हायची. ‘त्याचा तुकडा मोठा होता’, ‘माझा कालचा राहिलाय’. तक्त्यातले आकडे बरोबर होते, तरी मुलांचं सगळं लक्ष गोडावरच खिळून राहायचं. म्हणून आता मी आकडा सांगते, पण आधी दुसरी गोष्ट बोलते.

तुमच्या घरात गोडाला वेळ नाही आणि जागा नाही, मला तरी खरी अडचण ही दिसते. ते कपाटात आहे, मुलांना ते तिथे आहे हे ठाऊक आहे, आणि ते मिळणं कोण घरात आहे यावर अवलंबून आहे. आजी असली की मिळतं, आई आली की बंद. अशा घरात शहाणं मूल काय करेल? मिळेल तेव्हा जमेल तेवढं खाऊन घेईल, उरलेलं लपवून ठेवेल. तुमच्या मुलीनं तेच केलं. ती हावरट नाही आणि खोटारडीही नाही. पुढचा तुकडा कधी मिळेल याची तिला खात्री नव्हती, एवढंच.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. लीअ‍ॅन बर्च आणि जेनिफर फिशर या अमेरिकी संशोधिकांनी १९९९ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना आवडणारा एक खाऊ समोर दिसेल असा ठेवला, पण तो घेण्यावर बंधन घातलं. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, तोच मागू लागली, आणि मोकळीक मिळाल्यावर तोच जास्त निवडून खाऊ लागली. ‘दिसतंय पण मिळत नाही’ ही स्थिती सगळ्यात वाईट. एखादी गोष्ट घरातच नसेल तर मूल दोनदा विचारतं आणि खेळायला जातं. तीच वरच्या खणात असेल तर त्याचं मन त्या खणाशी अडकतं. म्हणून डबे कमी आणणं आणि आणलेले डबे लपवणं यांत मी फार मोठा फरक करते. पहिलं जरूर करा, दुसरं सोडून द्या.

आता हे सगळं कोणाला लागू आहे ते सांगते. तुमची मुलं एरवी निरोगी आहेत असं धरून मी लिहिते आहे. मुलाला टाइप १ मधुमेह असेल, दात आधीच किडलेले असतील, वजनासाठी डॉक्टरांचे उपचार चालू असतील, तर वेळ आणि जागा ठरवण्याचं तत्त्व तेच राहतं, पण प्रमाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. एखादं मूल सण नसतानाही रोज अन्न लपवत असेल, चोरून पोट दुखेपर्यंत खात असेल किंवा खाल्ल्यावर उलटी काढत असेल, तर तो गोडाचा प्रश्न राहत नाही. तिथे बालरोगतज्ज्ञांकडे आणि समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका. आणि घरात स्वयंपाक, मुलं, वेळापत्रक हे सगळं एकाच माणसावर असेल तर मी सांगते त्यातलं निम्मंच जमेल. निम्मं जमलं तरी फरक पडतो.

वेळ ठरवायची म्हणजे काय करायचं? एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-उपचारक बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे, ती मी गेली कित्येक वर्षं वापरते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं ठरवायचं. गोडाच्या बाबतीत त्या या वाटणीला एक मुरड घालतात. जेवणासोबत गोड असेल तर प्रत्येकाला एकच वाढ, पुन्हा नाही. ती वाढ जेवणाच्या ताटातच ठेवायची आणि मुलाला हवी तेव्हा, अगदी सुरुवातीलाही, खाऊ द्यायची. आणि मधूनमधून, संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी, दुधाबरोबर गोडाची ताटली ठेवून हवं तेवढं खाऊ द्यायचं.

‘हवं तेवढं’ हे ऐकून आयांचा चेहरा पडतो. मी त्यांना विचारते, तुमच्या मुलानं आजवर कधी गोड ‘पुरे’ म्हणून बाजूला ठेवलंय का? बहुतेकींना आठवत नाही, कारण ती वेळच कधी आलेली नसते. कोणीतरी आधीच डबा बंद केलेला असतो. पोट भरल्याची, जीभ कंटाळल्याची जाणीव मुलाला व्हायला ती जागा एकदा तरी मिळावी लागते. मी पाहिलेल्या घरांत साधारण असं होतं: पहिल्या एक-दोन वेळा मुलं भरपूर खातात, कधी पोट बिघडेपर्यंतही. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर ताटलीत काही उरायला लागतं. ज्या घरात आधी कडक बंदी होती तिथे जास्त दिवस लागतात, दोन आठवडेही. हे दिवस आईसाठी अवघड असतात. तेवढ्यात ‘बघ, म्हणूनच देत नव्हते’ असं तोंडून निघालं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या घरासाठी मी असं सुचवेन. सणाचा मुख्य दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फार मोजमाप करू नका. तिसऱ्या दिवसापासून रोजची एक वेळ ठरवा. मुलं शाळेतून आल्यावरची असो, चारची असो, रात्रीच्या जेवणासोबतची असो. घरात सगळ्यांना पाळता येईल अशी एकच. त्या वेळी डबा खाली येतो, सगळे बसतात, ताटलीत वाढलं जातं, डबा बंद होऊन परत जातो. दिवसाच्या इतर वेळी मुलानं मागितलं तर उत्तर ‘नाही’ असं द्यायचं नाही, ‘चार वाजता’ असं द्यायचं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ‘नाही’ म्हटलं की मूल वाद घालतं आणि ‘चार वाजता’ म्हटलं की घड्याळाकडे बघतं. ५ वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नसेल तर ‘खेळून आलास की’ असं सांगा. फक्त चार वाजता ते खरंच मिळालं पाहिजे. दोनदा जरी चुकलं तरी मुलं पुन्हा साठवू लागतात.

एका वेळी उघडे प्रकार दोनच ठेवा. याला कारण आहे. एकाच चवीचं खात गेलं की त्या चवीतली मजा काही वेळानं ओसरते, पण न चाखलेल्या दुसऱ्या चवीतली मजा तशीच शाबूत असते. बार्बरा रोल्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. आठ प्रकार मांडलेल्या ताटापुढे म्हणूनच मोठी माणसंही भूक नसताना खात राहतात. बाकीचे डबे हवाबंद करून ठेवा, टिकणारे असतील तर मागे ठेवा, आणि जास्तीचे लगेच वाटून टाका. वाटायचे डबे आल्या दिवशीच वेगळे काढा. चार दिवस घरात राहिलेला डबा सहसा घरातच संपतो.

तुकडे आधीच लहान करून ठेवावेत हेही सांगते, पण त्यावर फार विसंबू नका. बसून, ताटलीत घेऊन खाणं हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

भाजी संपवली तरच गोड, असं म्हणू नका. आपल्या सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य बसलेलं आहे, माझ्याही होतं. त्यातून मुलाला कळतं एवढंच की भाजी ही शिक्षा आहे आणि गोड हे बक्षीस. बर्च यांच्याच १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं, की बक्षिसासाठी जे पेय मुलांना प्यायला लावलं ते त्यांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागलं. रडणं थांबवायला, अभ्यासाला बसवायला, पाहुण्यांसमोर गप्प बसवायला गोड देणंही त्यातलंच. सणातलं गोड सगळ्यांना मिळतं, चांगलं वागलं म्हणून नाही, सण आहे म्हणून. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांना फार बरं वाटतं.

आता तुम्ही मागितलेला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली राहिली तर आणखी चांगलं. मुक्त साखर म्हणजे पदार्थात घातलेली साखर, तसंच मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखर. सबंध फळातली आणि दुधातली साखर यात धरत नाहीत. साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात. तुमच्या मुलीला दिवसाला साधारण १६०० कॅलरी लागतात असं धरलं तर १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम, सपाट चमच्यांनी मोजले तर दहा चमचे. मुलाला १३०० धरल्या तर ३२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ चमचे. गोडाच्या एका मध्यम तुकड्यात १० ते १५ ग्रॅम साखर सहज असते. म्हणजे एक वाढ बसते, काही दिवशी दोनही बसतात, पण एका अटीवर: बाकीची साखर गप्पपणे आत शिरत नसेल तर.

आणि ती शिरते. आई तुकडे मोजत असते आणि मूल समोर बसून शीतपेय पीत असतं. शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण २५ ग्रॅम साखर असते. डब्यातल्या फळांच्या रसात जवळपास तेवढीच. शिवाय पेयानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही आणि साखर वर चढते. सणाच्या दिवसांत घरात एकच कडक नियम करायचा असेल तर मी हा करेन: तहानेला पाणी, भुकेला जेवण आणि दूध, गोड पेयं घरात आणायचीच नाहीत. हे केलंत तर तुकड्यांवरून भांडण्याची गरज बरीचशी संपते. ‘साखरेऐवजी मध घातलाय’ यानंही फसू नका, मुलाच्या शरीराला त्यात फारसा फरक कळत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि पाहुण्यांत चार वर्षांखालचं मूल असेल तर कडक गोळ्या आणि अख्खा सुकामेवा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, घशात अडकतो.

दातांचं वेगळं सांगते, कारण तिथे ‘किती’पेक्षा ‘कितीदा’ हा खरोखरच मोठा प्रश्न आहे. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. त्या थराचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की दातातली खनिजं सुटू लागतात. लाळ ते आम्ल धुऊन सगळं पूर्ववत करते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मूल दर अर्ध्या तासानं एकेक गोळी तोंडात टाकत राहिलं तर लाळेला ती संधीच मिळत नाही. तेच चार तुकडे एका बैठकीत खाल्ले तर दातांवर हल्ला एकदाच होतो. स्वीडनमधल्या व्हिपेहोम संस्थेत १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून हे ठळकपणे पुढे आलं: जेवणाच्या अधेमधे खाल्लेल्या चिकट टॉफीनं सगळ्यात जास्त दात किडले. तो अभ्यास संस्थेत ठेवलेल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांवर, त्यांची संमती न घेता केला गेला. त्याचं वाईट वाटल्याशिवाय मला त्याचा उल्लेख करता येत नाही. तुमच्या घरापुरतं: ठरलेली एक वेळ दातांच्याही फायद्याची आहे, खाऊन झालं की पाण्यानं खळखळून चूळ भरायची, आणि रात्री दात घासल्यावर काहीही नाही, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते.

गोड खाल्लं की मुलं उधळतात, असं तुमच्या सासूबाईही म्हणत असतील आणि तुम्हीही. १९९५ मध्ये उपलब्ध नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम आढळला नाही. १९९४ च्या एका प्रयोगात तर आयांना सांगितलं की मुलाला साखर दिली आहे, प्रत्यक्षात कोणालाच दिलेली नव्हती, तरी त्या आयांना मूल जास्त चंचल वाटलं. सणाला मुलं उधळतात ती जागरणानं, पाहुण्यांनी, बंद पडलेल्या दिनक्रमानं. झोपेची वेळ सांभाळलीत तर अर्धं काम होईल.

आता सासूबाई. ‘थांबवायचं कसं’ हा शब्द मी तुमच्याकडून मागून घेते, ताई. नातवंडानं हात पुढे केला आणि आजीनं त्यावर काही ठेवलं, यात तिचं सगळं प्रेम असतं. तुम्ही तो हात अडवलात तर ती चोरून देईल, आणि मुलं लपवायला तिच्याकडूनच शिकतील. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात हाच तिढा होता. आम्ही डब्याचा सगळा कारभारच आजींकडे दिला. कुठले दोन प्रकार काढायचे हे त्या ठरवणार, चार वाजता मुलांना हाक त्या मारणार, वाढणार त्या, आणि वाढताना एखादी जुनी गोष्ट सांगणारही त्याच. अट एकच होती, ठरल्या वेळेखेरीज डबा उघडायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडली. नंतर मात्र मुलं मधे मागायला गेली की आजीच म्हणू लागल्या, ‘आपली चारची वेळ आहे ना?’ वाढण्याचा मान त्यांच्याकडेच राहिला होता, मग चोरून द्यायचं कारणच उरलं नाही. सासूबाईंशी हे बोलायचं ते सणाच्या आधी, मुलं नसताना, आणि शक्यतो तुमच्या नवऱ्यानं. त्यांची आई आहे, त्यांनी पुढाकार घेणं योग्य आहे.

सासऱ्यांबद्दल मी लांबून फार सांगू शकत नाही. ते कोणती औषधं घेतात, इन्सुलिन आहे का, मूत्रपिंड कसं आहे, यावर सगळं ठरतं. तरी काही गोष्टी बहुतेकांना लागू पडतात. त्यांनाही मुलांबरोबर बसवा आणि छोटी वाढ द्या, पण शक्यतो जेवणाला जोडून, आणि त्या जेवणातला भात-पोळीसारखा पिष्टमय पदार्थ तेवढा कमी करून. रिकाम्या पोटी खाल्लेलं गोड रक्तातली साखर झपाट्यानं चढवतं. भाजी, डाळ यांच्या मागून गेलेलं सावकाश. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर आणखी फायदा. दोन तासांनी साखर तपासून बघा, म्हणजे त्यांचं शरीर काय म्हणतं ते त्यांनाच कळेल. गोड खायचं म्हणून जेवण टाळणं मात्र धोक्याचं; इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना तसं केलं तर साखर एकदम पडू शकते. तशी पडलीच आणि ते शुद्धीवर असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. त्यांत पीठ, दूध, तूप असतंच, आणि ‘शुगर फ्री’ म्हणून माणूस दुप्पट खातो.

एक गोष्ट सगळ्या मोठ्यांना. मुलीसमोर ‘आज पाप केलं’, ‘उद्यापासून सगळं बंद’, ‘अजून एक? कपडे बसणार नाहीत तुला’ असं कोणीही बोलायचं नाही. स्वतःबद्दलही नाही. ९ वर्षांची मुलगी हे सगळं ऐकते आणि स्वतःच्या शरीराला लावून घेते. बाहेरच्या कोणी तिला टोकलं तर तिथल्या तिथे विषय बदला आणि नंतर तिला जवळ घेऊन सांगा की ते बोलणं बरोबर नव्हतं.

आणि तुमची ती शेवटची ओळ. मला सगळ्या प्रश्नात ती सर्वांत जास्त लागली. दिवसभर सगळ्यांना वाढायचं, स्वतः नाही म्हणायचं, आणि रात्री ओट्याशी उभं राहून खायचं. तुमची मुलगी उशीखाली कागद ठेवते, तुम्ही अंधारात डबा उघडता. घरातल्या दोघी एकच गोष्ट करताय. दुपारचं जेवण नीट जेवा, कारण रात्रीची ही ओढ बऱ्याचदा दिवसभराच्या उपाशीपणातून येते. आणि चार वाजता तुमचीही ताटली मांडा. तुम्हाला सगळ्यात आवडतो तो तुकडा घ्या, बसा, मुलांसमोर सावकाश खा. गोड कसं खायचं हे मुलं तुमच्याकडे बघूनच शिकणार आहेत.

यंदा पुन्हा उशीखाली कागद सापडला, तर ‘का खाल्लंस’ असं विचारू नका, आणि आजीला किंवा बाबांना दाखवायलाही नेऊ नका. कागद टाकून द्या. संध्याकाळी तिच्याजवळ बसून म्हणा, ‘गेल्या वर्षी मी डबे लपवत होते, म्हणून तुलाही लपवावं लागलं. आता रोज चारला आपण सगळे खाणार आहोत. उद्या कुठले दोन डबे काढायचे ते तू आणि आजी ठरवा.’